मागच्या गेटवरून सात वेळा

हे सदर मी वाचते ते हसायला, हे आधीच कबूल करते. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाचा पंखा आपोआप फिरतो... मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि म्हणते, "वायरिंग तपासा म्हणावं आधी!" एकतीस वर्षं मी वीज कंपनीत मीटर तपासणीच्या टेबलावर काढली. लोक यायचे, "बाई, घर बंद होतं तरी मीटर पळालं हो." मी म्हणायची, मीटरला भूतबाधा होत नाही, शेजाऱ्याने आकडा टाकला असेल. आणि निघायचंही तसंच. तेव्हा माझ्यासारखीवर इथे लिहायची पाळी आली, यावर तुम्ही खुशाल हसा. मीही हसले असते.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला राहतो. सोसायटीत तीन इमारती. पुढे मोठं गेट, आणि मागे एका वेळी एकच माणूस जाईल एवढं छोटं लोखंडी गेट. त्या गेटाबाहेर नाला, नाल्यावर पाइप टाकून केलेली वाट, पलीकडे वस्ती. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसं तिथे राहतात. सकाळी सात वाजले की ते छोटं गेट करकरायला लागायचं आणि आमची निम्मी सोसायटी त्या आवाजावर चहा टाकायची.

आमच्याकडे यायची ती हिराबाई. अकरा वर्षं. सात दहाला बेल. तिच्या येण्यावर मी घड्याळ लावायची असं म्हणणार नाही, पण एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं मला तिच्या बेलमुळेच कळलं होतं. आत आली की आधी आमच्या सासूबाईंच्या खोलीत. आई चौऱ्याऐंशीच्या, साखरेचा त्रास, सकाळचं इंजेक्शन असतं, त्यावर लगेच खावं लागतं. आणि खाण्यात महाहट्टी! मी केलेला उपमा "नंतर". हिराबाईने केलेली नागलीची आंबील मात्र दोन वाट्या. "हिरा, ये गं," अशी आतून हाक आली की ती ओ देणार, मग दोघींचं काय गुलुगुलु चालायचं देव जाणे. मला खरं सांगायचं तर थोडा रागच यायचा. सून मी, आणि गुजगोष्टी हिच्याशी.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मास्तरांचा खून झाला. भर दुपारी, स्वतःच्या दिवाणखान्यात. मी त्यांना ओळखत होते. भाजीच्या गाडीवर प्रत्येक वांगं दाबून बघायचे आणि भाजीवाला रोज त्यांच्यावर खेकसायचा. तो माणूस असा गेला. आठ दिवस मी बेल वाजली की आधी पोळपाटाजवळचं लाटणं हातात घ्यायची. हसू नका, तुम्हीही घेतलं असतं.

मग आमच्याकडे सुरक्षा समिती झाली. "सुलभावहिनी कडक आहेत, त्यांनाच घ्या," असं कुणीतरी म्हणालं आणि मी फुगले. पंधरा दिवसांत सोळा कॅमेरे बसले, प्रत्येक मजल्याच्या बोळात एक. गेटसाठी मोबाइलवर ॲप आलं. कामवाल्या बायकांना प्रत्येकी एक कोड, दोन्ही गेटांवर बसवलेल्या टॅबमध्ये तो टाकला की आपल्या फोनवर "परवानगी द्या" किंवा "नाकारा" असं येतं. त्यांनी लिफ्ट वापरायची नाही. बागेतल्या बाकावर बसायचं नाही. आणि शेवटी मागचं गेट कायमचं बंद, वेल्डिंग करून. तो ठराव मीच मांडला. त्या बायकांना आता सर्व्हिस रोडने दीड-दोन किलोमीटर वळसा पडणार, हे एकाने काढलं तेव्हा मी म्हणाले, "चालल्याने कुणी मरत नाही. न चालता मेलेले मास्तर बघितलेत ना?" उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळ्या पडल्या त्यावर!

घरच्या दारालाही मी आकड्यांचं कुलूप बसवून घेतलं. शेजारच्या जोशीकाकूंकडे आमची एक किल्ली असायची, ती परत मागून आणली. काकूंना वाईट वाटलं. मला वाटलं, वाटू दे.

दिवाळीत हिराबाई गावाला गेली. भाऊबीज करून चार दिवसांनी आली. त्या दिवशी आमच्याकडचं सकाळचं काम उरकून ती बाकीच्या घरांकडे गेली, आणि नऊच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. कुणाच्या तरी दाराच्या चौकटीला खाली, उंबऱ्याजवळ, पांढरा ठिपका. दहा मिनिटांत आणखी दोन दारांचे फोटो. तसाच ठिपका. मग तो नेहमीचा संदेश आलाच की, चोर आधी घरं हेरतात, खुणा करून ठेवतात, अमुक खूण म्हणजे म्हातारी माणसं एकटी, तमुक खूण म्हणजे दागिने... ग्रुपवर नुसता हलकल्लोळ.

मी माझ्या फोनवर फुटेज मागे नेलं. समितीतली म्हणून मला सगळे कॅमेरे दिसायचे. आणि दिसली कोण? हिराबाई. पदर खोचलेला, हातात वाटी. दारासमोर वाकते, वाटीत बोट बुडवते, चौकटीला लावते, क्षणभर तशीच थांबते, पुढे जाते. ज्या सहा घरी ती काम करायची त्यातली पाच दारं झालेली. मी तो तुकडा कापला आणि ग्रुपवर टाकला. विचार केला नाही असं नाही म्हणणार. अर्धा मिनिट केला.

आमचा वॉचमन कचरूमामा. सिन्नरकडचा, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्याने तिला जिन्यातच अडवलं, आमच्या खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ. मी खाली उतरले तेव्हा चार-पाच माणसं जमली होती. हिराबाई भिंतीला टेकून उभी. वाटीत पांढरं पाणी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नव्या तांदळाचं पीठ हाय वहिनी. नव्याचं बोट." ती माझ्याकडेच बघत होती, बाकी कुणाकडे नाही. "नवं धान्य घरात आलं का आमच्यात देवाला, खळ्याला, गोठ्याला बोट लावत्यात. मंग ज्यांचं खातो त्यांच्या दाराला. दरसाल लावते ना मी? तुमचं राह्यलंय फक्त. आजींजवळ बसायचं म्हणून तुमचं शेवटाला ठेवते."

दरसाल. आता ऐका माझी कमाल. दर दिवाळीनंतर आमच्या चौकटीला तो ठिपका असायचा आणि दर वर्षी मी ओल्या फडक्याने तो पुसायची. अकरा वर्षं! एकदाही विचारलं नाही की हे काय आहे. हिराबाई म्हणाली तेव्हा ते लखकन माझ्या डोक्यात आलं. पण फुटेज मी टाकलेलं, ठराव माझा, आणि चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "आतापुरतं काम बंद ठेव. चौकशी झाली की कळवू."

"वहिनी, तुमी तरी सांगा ना यांना."

मी लिफ्टचं बटण दाबलं. खरंच सांगते, एवढंच केलं.

तिचा कोड मी स्वतः ब्लॉक केला. सहाच्या सहा घरांनी तिला काढलं, कारण सुलभावहिनींनीच काढलं म्हटल्यावर बाकीचे कशाला ठेवतील? चौकीवर तिचं नाव-गाव लिहून घेतलं गेलं. वर घरी आले तर आई दारात काठी टेकून उभ्या.

"अगं, ते नव्याचं बोट आहे," त्या म्हणाल्या. "तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"तुम्ही गप्प बसा आई," मी म्हणाले. "तुम्हाला बाहेरचं काही कळत नाही."

त्या गप्प बसल्या, आणि खायच्याही जवळजवळ थांबल्या. दोन घास, की ताट बाजूला. एजन्सीची नवी बाई आली, कामाला चोख, पण आई तिच्याशी एक अक्षर बोलायच्या नाहीत. रोज सात दहाला दाराकडे मान. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

आठवड्याने खुनी सापडला. मास्तरांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्यांच्या सोसायटीच्या पुढच्या गेटने, गाडीतून, वॉचमनचा सलाम घेऊन आत गेला होता म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ह्यांनी मला विचारलं, "आता हिराबाईला बोलवायचं ना?" मी म्हणाले, "नियम तो नियम. एकीला सूट दिली की सगळ्याच मागतील." खरं कारण ते नव्हतंच. ग्रुपवर "माझं चुकलं" लिहायला माझी बोटं वळत नव्हती, बस्स.

आता त्या दिवसाचं सांगते. सोमवार होता. पिंपळगाव बसवंतला माझ्या भाचीचा साखरपुडा. आम्ही दोघं सकाळी आठलाच निघालो. नव्या बाईने आईंना इंजेक्शन द्यायचं, खायला घालायचं, दहाला निघायचं आणि दार ओढून घ्यायचं, कुलूप आपोआप लागतं. आम्ही दोनपर्यंत परत. चार तास आई एकट्या, पण कुलूप आहे, कॅमेरे आहेत, गेटवर माणूस आहे. अगदी निर्धास्त होते मी.

साडेअकराच्या सुमारास, मंडपात ओटी भरायचं चाललं होतं, फोन वाजला. गेटच्या ॲपचा तो ठरलेला टिंगटिंग आवाज. बघते तर—

हिराबाई. मागचे गेट. परवानगी द्या / नाकारा.

माझं डोकं फिरलं. ब्लॉक केलेल्या कोडवरून विनंती येतेच कशी? बरं, मागचं गेट तर बंद! म्हटलं बाई पुढच्या गेटवर येऊन कचरूमामाच्या हातापाया पडत असणार, आणि तो म्हातारा विरघळला असणार. "नाकारा" दाबलं. पुन्हा नारळ हातात घेतला, तोवर पुन्हा टिंगटिंग. नाकारा. पुन्हा. नाकारा. माझी जाऊ म्हणाली, "अगं, कुणाचा फोन आहे, घे की." मी म्हणाले, "कामवाली आहे, डोक्यावर बसलीये." पाच... सहा... सातव्या वेळी मी इतक्या जोरात दाबलं की फोन हातातून सुटून हळदीकुंकवाच्या तबकात पडला.

फोन पुसला, बाजूला जाऊन आमच्या मजल्याचा कॅमेरा उघडला.

ती आमच्या दाराशी होती. पाठमोरी, हिरवं लुगडं, पदर खोचलेला, डोक्यावरून मागे ओढलेला तोच राखाडी रुमाल. अकरा वर्षं ती पाठ माझ्या मोरीत बघितलीये, मी चुकणार नाही. वाकलेली होती, चौकटीशी बोट. मग उठली आणि बेल दाबली. थांबली. परत दाबली. कॅमेऱ्याला आवाज नाही, पण बोट बेलवर जाताना स्पष्ट दिसत होतं. मग तिने कान दाराला लावला. तसा कान लावून ती किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी तोवर कचरूमामाला फोन लावून ओरडायला सुरुवात केली होती.

"वर हिराबाई पोचलीये! तुम्ही काय झोपा काढताय? जा, आधी धरून ठेवा तिला!"

"बाई, गेटवरून तर कुणीच नाय आलं..."

"माझ्या डोळ्यांनी बघतेय मी! तीनशे चार! पळा!"

म्हातारा बिचारा जिना चढून गेला, फोन चालूच. धापा ऐकू येत होत्या.

"बाई, कुणी नाय हो इथं."

"जिन्यात बघा! वरच्या मजल्यावर बघा!"

"थांबा जरा," तो म्हणाला. "आतून आवाज येतोय. वाटी आपटल्यावाणी... टण, टण... आजी! ओ आजी!" आणि मग त्याचा आवाज बदलला. "बाई, दार उघडायचं कसं?"

चार आकडे. तेवढे सांगायचे होते फक्त. आणि तुम्हाला खोटं वाटेल, सासू आत पडलीये हे कळूनही माझी जीभ अडखळली. वॉचमनला कुलपाचे आकडे द्यायचे नाहीत, हाही नियम मीच केलेला. ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि आकडे सांगितले.

आई स्वयंपाकघरात फरशीवर होत्या. इंजेक्शन झालेलं, खाल्लेलं काहीच नव्हतं. ताट बेसिनमध्ये रिकामं करून त्या नव्या बाईला "खाल्लं" म्हणाल्या होत्या. साखर उतरली तेव्हा काहीतरी तोंडात टाकायला उठल्या आणि कोसळल्या. कचरूमामाने साखर चाटवली, जोशीकाकू धावल्या, त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला नंतर साखरेचा आकडा सांगितला. मी आकड्यांची बाई, पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आम्ही दोनला आलो असतो. पण साखरपुडा होता, जेवणं होती... तीन वाजलेच असते.

आई वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या.

मग माझ्यातली मीटरवाली जागी झाली. मी रेकॉर्डिंग काढलं. सोमवार, साडेअकरा ते बारा, तिसरा मजला. बोळ रिकामा. साफ रिकामा! अकरा बावन्नला कचरूमामा धापा टाकत येतो, दाराला कान लावतो. त्याच्याआधी चिटपाखरू नाही. मधला काही भाग उडाला म्हणावं तर कोपऱ्यातली सेकंदं एकही न सुटता चालू. ॲपच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, ब्लॉक कोडवरून रिक्वेस्ट जनरेट होऊच शकत नाही." आणि मागच्या गेटचा टॅब? तो गेट बंद झालं त्याच दिवशी काढून ऑफिसच्या कपाटात ठेवलेला. आम्ही काढून बघितला, चार्जिंग शून्य, काचेवर धूळ.

"म्हणजे मला भास झाला?" मी विचारलं.

"तसं पण नाही ना मॅडम," तो डोकं खाजवत म्हणाला. "लॉगमध्ये एंट्री आहेत." त्याने त्याच्या लॅपटॉपवर दाखवलं. ओळीने सात. मागचे गेट. हिराबाई. आणि प्रत्येकीपुढे: नाकारले, सुलभा, ३०४.

मला वाटलं ती इथेच कुठेतरी असणार, काहीतरी युक्ती केली असणार. अजूनही माझं डोकं तिच्यावरच संशय घेत होतं बघा! सरळ वस्तीत गेले. सर्व्हिस रोडने, वळसा घालून, कारण मागचं गेट मीच बंद केलेलं. गुडघे बोलायला लागले. हिराबाईची शेजारीण म्हणाली, "हिरा? ती तर गावाला गेली. तुमी काढलं त्याच्या चौथ्या दिवशीच. काम नाय मंग राहून काय करती?"

पुढच्या रविवारी आम्ही सुरगाण्याकडे गेलो. तिचा पाडा सुरगाण्याच्याही पुढे, शेवटचा रस्ता पायी. फोनला रेंज नाही, ती बोरगाव सोडल्यावरच गेली होती. वाटेभर मी ह्यांच्याशी भांडत होते, विनाकारण.

हिराबाई खळ्यावर नागली पाखडत होती. आम्हाला बघून सूप खाली ठेवलं. चेहऱ्यावर ना राग ना आनंद. तिच्या सुनेने पाणी आणलं. मी म्हणाले, "हिराबाई, माझं चुकलं." आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हणालेय ते हे सांगतील, त्यांना मोजायला हाताची बोटं जास्त होतील.

तिने विचारलं, "आजी कशा हायेत?"

मी सांगितलं, सोमवारी पडल्या, वाचल्या. बाकीचं काहीच सांगितलं नाही. ना ॲपचं, ना कॅमेऱ्याचं. मुद्दाम. मला तिच्या तोंडून काय येतं ते बघायचं होतं.

"सोमवारी?" ती म्हणाली. "सोमवारी आमी हे खळं पुजलं ना." मग नागलीच्या राशीकडे बघत बोलली, "तुमचं दार राह्यलं होतं वहिनी. नव्याचं बोट अर्धं टाकू नाय, मंग वर्षभर जीव अडकून राहतो. पण मला तं येऊ देत नाय. मंग पूजा झाल्यावर इथंच डोळं मिटून बसले. मनानंच आले तिकडं. आपल्या नाल्यावरून, छोट्या गेटानं. जिना चढून वर. बोट लावलं तुमच्या चौकटीला."

मी म्हणाले, "मग?"

"मंग काय? आजी हाक मारत्यात ना, 'हिरा, ये गं' म्हणून? ती हाक येईना. मला कसंतरीच झालं. म्हणून बेल दाबली. लय येळा दाबली." ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली. "तुमचं दार काय उघडलं नाय वहिनी."

ह्यांनी माझा हात धरला. मी त्या खळ्याच्या कडेला बसून रडले. मोठ्याने रडले, सून बघत होती तरी. हिराबाई पाण्याचा तांब्या पुढे सरकवून माझं होईपर्यंत थांबली.

"परत ये," मी म्हणाले. "आई तुझी वाट बघतात. मी सगळ्यांना सांगते, ग्रुपवर लिहिते."

"नाय वहिनी," ती म्हणाली. "आता द्राक्षाच्या कामाला जाणार हाय, दिंडोरीकडं. तिथं कुणी बोट बघत नाय." निघताना तिने कागदाची पुडी दिली. नव्या तांदळाचं पीठ. "मनानं लावलेलं धरत्यात का नाय, मला नाय माहीत. तुमीच लावा एकदा."

घरी आल्यावर आधी वाकून चौकट बघितली. स्वच्छ. नवी बाई रोज फिनेलने पुसते, त्यामुळे काही होतं की नव्हतं, आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. मी वाटीत पीठ कालवलं. प्रवासातला स्कार्फ डोक्याला तसाच होता. वाकले, बोट लावलं. आतून आईंनी विचारलं, "हिरा आली का गं?" तशीच वाकलेली थांबले.

अर्ध्या तासात ग्रुपवर क्लिप पडली. समितीतल्याच एकाने टाकलेली. "तिसऱ्या मजल्यावर संशयास्पद महिला. कुणी ओळखतं का?" खाली लगेच, "पुन्हा सुरू झालं", "कोड ब्लॉक करा", "वॉचमन बदला". मी लिहिलं, "मी आहे. सुलभा, ३०४." लगेच "सॉरी वहिनी", "अरे बापरे, ओळखलंच नाही", हात जोडलेली चित्रं... पाच मिनिटांत नऊ जणांचं सॉरी. मग मी सगळं लिहिलं. नव्याचं बोट काय असतं, हिराबाईने काय केलं होतं, मी काय केलं. त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने पाण्याच्या टँकरचा विषय निघाला.

समिती मी सोडली. मागचं गेट उघडायचा ठराव मांडला, तो पडला. माझ्या बाजूने जोशीकाकू आणि आमचे हे. आमची किल्ली पुन्हा काकूंकडे गेली, म्हणजे कुलपाचे आकडे.

इथे इंजिनीअर मंडळी वाचत असतील तर त्यांनी मला जरूर समजावून सांगावं. बंद टॅब, ब्लॉक कोड, सात नोंदी. माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही, आणि मी ते शोधायचंही आता सोडून दिलंय. कोण आलं होतं ते मला माहीत नाही. सात वेळा नाही कोण म्हणालं, ते मात्र नावानिशी नोंदवलेलं आहे.

आई बऱ्या आहेत. आंबील मी करायला शिकले, नाक मुरडत का होईना अर्धी वाटी घेतात. सात दहाला अजून दाराकडे बघतात. आणि गेटचा तो टिंगटिंग आवाज आला की मी आधी "परवानगी द्या" दाबते, मग नाव वाचते.